ठकीचा पाच टक्क्यांचा डबा

आजारी कुत्री होती, मी नव्हतो. तरी हे आजारपण मीही भोगलंय असं मी म्हणतो, तेव्हा माझी बायको शैला म्हणते, "भोगलं ठकीनं. तुम्ही नुसते बोलत होतात." तिचं म्हणणं कितपत खरं आहे ते पुढे येईलच.

ज्यांच्या घरी कुत्रं आहे आणि ज्यांना डॉक्टरांनी "याचं फॅट कमी करा" एवढं सांगून घरी पाठवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं यात नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. माझ्या हातून एक चूक झाली, ती मात्र इथे सविस्तर मिळेल.

ठकी

ठकी मुळात आमच्या मुलाची, निखिलची. हडपसरच्या एका आयटी कंपनीत त्याला नोकरी लागली, आणि रोजची बसची दगदग नको म्हणून आम्ही सदाशिव पेठेतली जागा सोडून इकडे नव्या सोसायटीत राहायला आलो. आमच्या नातेवाइकांच्या मते आम्ही तेव्हाच परदेशी गेलो. निखिलने एक दिवस कॉकर स्पॅनिएलचं पिल्लू आणलं, लांब कानांचं, खारकेच्या रंगाचं. नाव ठेवलं कोको. शैलाच्या जिभेवर ते बसेना, तिने ठकी केलं. वर्षभरात कंपनीने निखिलला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवलं. त्या दोन वर्षांना आता सात वर्षं होऊन गेली. ठकी आमच्याकडेच राहिली.

मुलगा गेल्यावर शैलाला घरात बोलायला ठकीच होती. माझ्याशी बोलणं म्हणजे तोंडी परीक्षा देणं, असं ती म्हणते. सकाळी भाजी निवडताना ठकीशी तिच्या गप्पा चालायच्या: कोणाकडे बारसं आहे, निखिलचा फोन का आला नाही, गुडघा कसा दुखतो. कुत्री समोर बसून सगळं ऐकायची. हे घर त्या कुत्रीमुळे चालत होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही, पण मी ते कधी बोललो नाही.

जेवताना शेवटचा घास बाजूला काढायचा, ही शैलाच्या माहेरची रीत. तो घास ठकीचा. पोळीचा तुकडा, तुपात बुडवलेला.

माझ्याविषयी एवढंच की एका डेअरीच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं दूध तपासलं. गवळ्याने कॅन उतरवला की नुसत्या रंगावरून मी फॅट सांगायचो आणि नंतर नळीत तेच यायचं. गवळी मला वचकून असत. टक्केवारीच्या बाबतीत मला कोणी काही शिकवावं अशी वेळ कधी आली नव्हती.

होळीनंतरची सकाळ

होळीला पुरणपोळ्या झाल्या. शैलाने ठकीला अर्धी पोळी दिली, वर तूप. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी हॉलमध्ये विचित्र उभी होती. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकलेली आणि मागची बाजू वर. मी हसलो. शैलाला हाक मारून म्हटलं, "बघ, नमस्कार घालतेय." 

कुत्र्याचं पोट असह्य दुखतं तेव्हा ते तसं उभं राहतं, हे मला दोन तासांनी कळलं. तोवर तिला चार उलट्या झाल्या होत्या आणि ती पाण्याकडेही बघत नव्हती. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आमच्या डॉक्टर मेघनाताई यवतमाळकडच्या. वय तिशीच्या आतलं, बोलणं सरळ. त्यांनी ठकीचं पोट चाचपलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि विचारलं, "काका, काय खाऊन राहिली होती ही?"

मी काही बोलायच्या आत शैला म्हणाली, "पुरणपोळी. मीच दिली. तूप घालून."

डॉक्टरांनी कागदावर एक आकृती काढून दाखवली. स्वादुपिंड सुजलं होतं. खाल्लेलं पचवणारे रस तिथे तयार होतात, ते आता तिथल्या तिथेच जाळ करत होते. मी विचारलं, "बरी होईल?"

"बहुतेक होतात," त्या म्हणाल्या. "काही नाही होत."

त्या दुसऱ्या वाक्यानंतर शैलाने माझा हात धरला. डॉक्टरांच्या टेबलासमोर, चारचौघांत. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा घडलं, म्हणून मला नक्की आठवतंय.

तीन दिवस सलाईन लागलं आणि ठकी उठली. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "यापुढे हिला फॅट जपून. खाण्यात दहा टक्क्यांच्या आत पाहिजे." आणि चिठ्ठीवर एका खास खाण्याचं नाव लिहून दिलं.

दुकानात

ते खाणं दुकानात नव्हतं. मागवायला पंधरा दिवस लागतील, दुकानदार म्हणाला. मी त्याला म्हटलं, "राहू दे. टक्केवारी मला वाचता येते."

आमच्या लहानपणी गल्लीतली कुत्री शिळी पोळी खायची आणि तिच्यावर काही छापलेलं नसायचं. आता एक अख्खी भिंत पिशव्यांनी भरलेली. मी चष्मा पुसला आणि एकेक पिशवी फिरवून मागचा बारीक मजकूर वाचत गेलो. प्रोटीन चोवीस, फॅट बारा. प्रोटीन सव्वीस, फॅट चौदा. सगळं कोरडं दाणेदार खाणं बारा किंवा त्याच्या वर. दुकानदार दोनदा म्हणाला, "काका, सगळं सारखंच असतं." मी त्याला म्हटलं, "तुमच्यासाठी असेल."

मग खालच्या फळीवर डबे दिसले. रश्शातल्या मांसाचे, ओले. प्रोटीन आठ, फॅट पाच.

पाच. डॉक्टरांनी मागितलं त्याच्या निम्मं. मी सुरुवातीला सहा डबे घेतले आणि घरी येऊन शैलाला भाषण दिलं. छापील आकडा वाचायला शिकलं पाहिजे, मायेने कुत्री जगत नाहीत, वगैरे. ती ऐकून घेत होती, कारण होळीपासून तिला ऐकून घ्यावंच लागत होतं. शेवटचा घास तिने बंद केला होता. ताटाशी ठकी येऊन बसली की ती मान दुसरीकडे वळवून जेवायची.

प्रोटीन आठच, म्हणजे कोरड्या खाण्याच्या एक तृतीयांश. ते भरून निघावं म्हणून मी डब्यावर लिहिलंय त्याच्या दीडपट द्यायला लागलो. हेही माझंच डोकं.

ठकीला ते भलतंच आवडलं. दूध तपासणाऱ्या माणसाने खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. चवीचं आणि फॅटचं नातं मला एकतीस वर्षं ठाऊक होतं.

दुसऱ्यांदा

तीन आठवड्यांनी, ऐन एप्रिलात, ठकी पुन्हा तशीच उभी राहिली. या वेळी मी हसलो नाही. गॅलरीत तिच्या स्टीलच्या बशीत सकाळचं खाणं नुकतंच वाढलं होतं, ते तसंच टाकून आम्ही रिक्षा पकडली. शैलाच्या मांडीवर ठकी थरथरत होती.

पहिल्यापेक्षा हे जास्त होतं. हिरड्या कोरड्या, डोळे आत गेलेले, अंगात ताप. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. आणि मी, टेबलापाशी उभा राहून, शैलाकडे न बघता म्हणालो, "मी देतो ते मोजून मापून आहे. पाच टक्के. हिला मात्र लपून घास द्यायची सवय आहे."

शैला म्हणाली, "मी दिलेला नाही." मग हळू आवाजात, "परवा तूप कढवलं. बेरीचं पातेलं खाली ठेवलं होतं. मी लगेच पाणी घातलं त्यात. पण त्याआधी तिने चाटलं असेल का?"

"असेल का म्हणजे? चाटलंच असणार," मी म्हणालो.

डॉक्टर सलाईनची बाटली काढायला वळल्या. त्यांनी एवढंच म्हटलं, "आता ते राहू द्या. आधी हिला सलाईन लावू."

ते वाक्य मला परत घेता आलं तर मी काय देईन, हे मी इथे लिहीत नाही. बायकोला अपराधी ठरवून मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. भीती वाटत असली की मला कोणीतरी दोषी लागतो, हा माझा स्वभाव आहे आणि तो चांगला नाही.

सलाईनची खोली

दवाखान्याची रीत अशी की सकाळी दहाला न्यायचं, संध्याकाळी सहाला परत आणायचं, आणि मधला सगळा वेळ घरच्यांनी शेजारी बसायचं. एका लांब खोलीत भिंतीला लागून पत्र्याची टेबलं, वर हुकांना बाटल्या. कुत्र्याने पाय हलवला की सुई सरकते, म्हणून एकाने पाय धरायचा. आम्ही पाळ्या लावल्या. बोलणं जवळजवळ बंदच होतं. "पाणी प्या." "तुम्ही जेवून या." एवढंच.

निखिलचा फोन आला. "बाबा, एखाद्या चांगल्या हॉस्पिटलला न्या ना." मी म्हटलं, "हो, तिकडेच घेऊन येतो. तिकीट पाठव." नंतर वाईट वाटलं. तोही तिकडे बसून रडत होता, हे शैलाने मला सांगितलं.

शेजारच्या टेबलावर लोणी काळभोरच्या एका शेतकऱ्याचा भलाथोरला कुत्रा होता. त्याला साप चावला होता. मालक धिप्पाड, मिशीवाला माणूस, पण कुत्र्याच्या कानात सारखं काहीतरी कुजबुजत असायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी शैलाला म्हणाला, "ताई, रडू नगा. तिची शेपूट बघा. तुमी नाव घेतलं की टोक हालतंय. ऐकू येतंय तिला. ऐकू येतंय म्हंजी ती हाय अजून." मग त्याने फडक्यात बांधून आणलेली भाकरी आणि ठेचा आम्हा दोघांपुढे सरकवला. त्या दिवशी आम्ही जेवलो ते त्याच्यामुळे.

शैला आपली पाठ माझ्याकडे करून त्यालाच सांगत होती. मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. "मी तूप सोडलं. ही उठली, तर जन्मभर तूप खाणार नाही. माझ्यामुळे झालं ना सगळं."

ज्या बाईचा वरणभात तुपाशिवाय घशाखाली उतरत नाही, तिचा हा नवस. 

बशी

तिसऱ्या दिवशी सकाळी शैला ठकीला घेऊन पुढे गेली. मी ठकीचं अंथरूण धुऊन मागून जाणार होतो. गॅलरीत वाळत घालायला गेलो तर ती बशी. त्या दिवशी टाकून गेलेलो, ती तिथेच उन्हात. एप्रिलचं पुण्याचं ऊन, त्यात काही ओलं राहत नाही. बशीभर रस्सा आणि तुकडे वाढले होते. तिथे आता तळाला चिकटलेला एक तपकिरी पापुद्रा होता, आणि त्याच्या कडेने चकचकीत, ओशट रेघ. मी बोट फिरवलं. बोटाला लोण्यासारखं लागलं.

ती बशी मी हातात तोलून पाहिली.

प्रयोगशाळेत आम्ही हेच करायचो. दूध बशीत वजन करून घ्यायचं, भट्टीत ठेवून पाणी उडवायचं, उरलेली खपली पुन्हा तोलायची. दुधात खरा माल किती, ते त्यावरून कळायचं. एकतीस वर्षं मी रोज तशा बशा बाहेर काढल्या. म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के आणि त्याच दुधाच्या पावडरीत पंचवीसच्या वर, म्हणून पावडर जड आणि दूध हलकं असं एखादा नवशिका म्हणाला असता, तर मी त्याला प्रयोगशाळेबाहेर काढलं असतं. पाणी गेलं की आकडा वाढतो. माल तोच.

कोपऱ्यातला रिकामा डबा उचलून वाचला. सगळ्यात शेवटच्या ओळीत होतं: पाणी, ऐंशी टक्के. ती ओळ मी वाचलीच नव्हती, कारण पाच हा आकडा मला हवा होता आणि तो मिळाला होता.

शंभर ग्रॅम डब्यात ऐंशी पाणी. उरले वीस. त्या विसात पाच फॅट, म्हणजे चौथा हिस्सा. पंचवीस टक्के. आणि ज्या बारा टक्केवाल्या कोरड्या पिशवीला मी नाक मुरडलं होतं, तिच्यात पाणी जेमतेम दहा, तेव्हा तिचं खरं फॅट साडेतेराच्या आत. प्रोटीन कमी म्हणून मी दीडपट वाढत होतो, ते पाणी काढल्यावर चाळीस टक्के होतं, भरपूर. दुप्पट फॅटचं खाणं, वर दीडपट माप, तीन आठवडे. बेरीच्या पातेल्याची त्यापुढे काय कथा. 

मी दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना एका बाजूला घेऊन डबा दाखवला. त्यांनी मागची ओळ वाचली. "हं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काका, मी दहा म्हटलं ते कोरड्या मालावर म्हटलं होतं. पण तसं फोडून नाही सांगितलं. माझंही चुकलंच. आणि हे पाहिलं का, फॅटपुढे 'किमान' लिहिलं आहे. म्हणजे जास्तही असू शकते." त्यांनी चूक वाटून घेतली, ही त्यांची मोठी मेहेरबानी. मला ती पचली नाही. आकडे माझा धंदा होता, त्यांचा नव्हे.

त्या दिवशी मी शैलाला सांगितलं नाही. ठकीचा पाय धरून दिवसभर शैलासमोर बसलो आणि सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ठकी गेली असती तर मी कधी सांगितलं असतं की नाही, याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते मला आवडत नाही.

वरणभात

चौथ्या दिवशी ठकी पाणी प्यायली आणि ते पोटात राहिलं. पाचव्या दिवशी उकडलेल्या भाताचे दोन घास खाल्ले. शेतकऱ्याचा कुत्रा त्याच सकाळी आपल्या पायांनी चालत बाहेर पडला होता. जाताना मालकाने ठकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शैलाला म्हणाला, "बगा, हालली का न्हाई शेपूट." सहाव्या दिवशी डॉक्टरांनी सुई काढली. ठकी टेबलावरून उतरली, डगमगत चालत गेली आणि शैलाच्या पायाशी बसली. शैला तिथेच फरशीवर बसून हमसून रडली. मीही रडलो, पण मी पाठ वळवून.

घरी येऊन पानं घेतली. शैलाने माझ्या भातावर तूप वाढलं आणि आपल्या भातावर न वाढता भांडं झाकलं. मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"शैला," मी म्हटलं, "ते पातेल्याने झालं नाही. डब्याने झालं. माझ्या."

मग सगळं सांगितलं. बशी, ऐंशी टक्के पाणी, चौथा हिस्सा. डॉक्टरांसमोर मी तिच्याविषयी बोललो ते चुकीचं होतं आणि वाईट होतं, हेही. तीन दिवस लपवलं, हेही.  वरण गार झालं.

"म्हणजे पातेल्याचं काही नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"नव्हतं."

"मी नाही केलं."

"तू नाही केलंस."

तिने डोळ्यांना पदर लावला.  मग पदर खाली घेतला, नीट खोचला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "एकतीस वर्षं दूध तपासलंत ना तुम्ही?"

"हो."

"प्यायलं कोणी ते?"

मी गार वरण ढवळत राहिलो.

"आता नवसाचं बघू," ती म्हणाली. "मी बोलले ते माझ्यामुळे झालं म्हणून. माझ्यामुळे झालेलं नाही. पण ठकी तर उठली. म्हणजे देवाचं देणं राहतंच. ते कोणी फेडायचं, ते तुम्हीच सांगा, तुम्हाला हिशेब कळतो."

आणि माझ्या भातावरचा तुपाचा गोळा तिने चमच्याने अलगद उचलला आणि स्वतःच्या भातावर ठेवला.

याला आता दोन वर्षं झाली. चिठ्ठीवरचं खाणं आम्ही मागवून ठेवतो. कोरडं, फॅट सात टक्के, पाणी आठ, म्हणजे खरं फॅट आठाच्याही आत. पिशवी आली की मी आधी पाण्याची ओळ वाचतो, मग बाकीचं. ओळखीत कोणाचं कुत्रं आजारी पडलं की लोक मला फोन करतात. मी त्यांना सांगतो: दोन खाण्यांची तुलना करायची तर आधी दोन्हींतलं पाणी बाजूला काढा, आणि घरातल्या माणसावर ठपका ठेवायच्या आधी डबा उलटा करून वाचा. हा त्रास पुन्हा सहज होऊ शकतो, म्हणून ठकी नमस्काराच्या पवित्र्यात दिसली की मी अजून हातातलं टाकून तिच्यापाशी धावतो. आजवर प्रत्येक वेळी ती सोफ्याखालचा चेंडू काढत होती.

शेवटचा घास परत सुरू झालाय. डॉक्टरांनी काकडीला परवानगी दिली. शैला आपल्या वरणभातावर तूप वाढून घेते, भांडं माझ्या पुढून नेऊन कपाटात ठेवते, आणि ठकी आणि मी दोघंही त्या भांड्याकडे बघत राहतो. मग शैला काकडीचा एक तुकडा ठकीला देते. आणि एक मला.